आपल्या विहिरींत पाणी कोठून येतें?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आम्हीं शाळेंतील लहान इयत्तेच्या मुलांस एक प्रश्न केला : "मुलांनो, तुमच्या घरीं पिण्याचें पाणी कोठून येतें?" कोणी म्हणाला, "नळांतून", कोणी म्हणाला, "गच्चीवरच्या टांकींतून", दोघांतिघांनीं तर "टँकरमधून" असें उत्तर दिलें. शेवटच्या बांकावर बसणारी एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, आमच्या घरीं विहीर आहे, पण आतां तिचें पाणी पिववत नाहीं."

हीं सर्व उत्तरें खरीं होतीं. परंतु त्यांतील एकहि पुरें नव्हतें. नळाच्या मागें धरण आहे व धरणाच्या मागें नदी आहे. पण त्या नदीस तरी पाणी कोण देतो? आणि जें पाणी त्या मुलीची आजी जन्मभर प्याली, तें आज नातीस तोंडांत धरवत नाहीं, असें कां झालें? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांस लागून आहेत. म्हणून ह्या अंकांत विद्यार्थ्यांसाठीं, व त्यांच्या घरच्या वडीलमंडळींसाठींहि, त्यांचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पृथ्वीवर पाणी किती आहे तें पाहूं. जगांतील सर्व पाणी शंभर घागरींत भरलें आहे अशी कल्पना करा. त्यांपैकीं सुमारें साडेसत्त्याण्णव घागरी खाऱ्या निघतील; गोड्या पाण्याच्या काय त्या अडीच. ह्या अडीच घागरींतीलहि दोनतृतीयांशांहून अधिक पाणी ध्रुवांजवळ व उंच पर्वतांवर बर्फ होऊन बसलें आहे. सुमारें पाऊण घागर पाणी जमिनीच्या पोटांत आहे. आणि गंगा, गोदावरी, नाईल यांसारख्या सर्व नद्या व गोड्या पाण्याचीं सर्व सरोवरें मिळून जेमतेम एक ओंजळ भरते! इतक्या थोड्या पाण्यावर सारी मनुष्यजाति, गुरेंढोरें व शेतीवाडी हजारों वर्षें जगत आली आहे, याचें कारण एकच : ही ओंजळ रिकामी होतां होतांच पुन्हां भरत असते. ती भरण्याची जी निसर्गाची रीति, तिलाच जलचक्र म्हणतात.

ह्या चक्रास गति देणारा सूर्य होय. त्याचें काम पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. आगगाडीनें नायगांवाहून भाईंदरकडे जातांना खाडीच्या कांठीं आजहि कांहीं मिठागरें दृष्टीस पडतात. भरतीचें पाणी उथळ वाफ्यांत घेऊन कोंडतात. ऊन पडतें, वारा वाहतो, आणि कांहीं दिवसांनीं पाणी नाहींसें होऊन तळाशीं मीठ राहतें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते सर्व खालीं राहतात. मग वरचें पाणी गेलें कोठें? तें वाफेच्या रूपानें हवेंत गेलें. वाफ डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून पाणी नष्ट झालें असें आपणांस वाटतें. पण त्याचा एक थेंबहि नष्ट होत नाहीं. किल्लाबंदरास बोंबील सुकतात, दोरीवरचीं लुगडीं वाळतात, अंगावरचा घाम जातो, तेथेंहि हेंच घडतें. झाडेंहि मुळांनीं शोषलेलें पाणी पानांवाटे हवेंत सोडीत असतात. मात्र ह्या कामीं सर्वांत मोठा वांटा समुद्राचा आहे. मिठागराच्या वाफ्यांत जें घडतें, तेंच साऱ्या अरबी समुद्रावर अहोरात्र चालू असतें. भेद एवढाच कीं, तेथें मीठ समुद्रांतच राहतें व शुद्ध पाणी तेवढें वर जातें.

वाफ वर चढली म्हणजे थंड होते. बर्फ घातलेला पेला बाहेरून दमट होतो, हें तुम्हीं पाहिलेंच असेल; तो दंव पेल्यांतून पाझरलेला नसून हवेंतील वाफेचा झालेला असतो. आकाशांतहि तसेंच होतें. हवेंत तरंगणाऱ्या धुळीच्या व समुद्रांतून उडालेल्या मिठाच्या अतिसूक्ष्म कणांभोंवतीं वाफेचे थेंब जमतात. अशा असंख्य थेंबांचा समुदाय म्हणजे ढग. थेंब एकमेकांत मिसळून जड झाले कीं पाऊस पडूं लागतो. वाफ होऊन वर गेलेलें पाणी सरासरीनें नऊदहा दिवसांतच पुन्हां पृथ्वीवर येतें. आज आपल्या अंगणांत पडणारी सर गेल्या आठवड्यांत समुद्रांत होती, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति नाहीं.

आपल्या कोंकणांत हें चक्र विशेष जोरानें फिरतें. वैशाखांत जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील वाफेनें भरलेला वारा नैर्ऋत्येकडून आंत शिरतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो आपल्या किनाऱ्यावर पोंचतो. पुढें सह्याद्रीची भिंत आडवी येते. तिच्यावर चढतां चढतां वारा थंड होतो व आपला भार खालीं टाकतो. म्हणूनच महाबळेश्वर पावसानें चिंब होतें, आणि डोंगरापलीकडील वाईस त्याचा अगदीं थोडा अंश मिळतो. आपल्या वसईंत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे पडलेलें पाणी वाहूं वा मुरूं न देतां जागच्या जागीं ठेवलें, तर तें उंच मनुष्याच्या डोक्यावरून जाईल. उरलेले आठ महिने मात्र जवळजवळ कोरडे.

ही सर्व हकीकत आज शाळेंतील मूलहि सांगतें. परंतु ती सिद्ध होण्यास फार काळ लागला. पूर्वीं यूरोपांतील पुष्कळ विद्वानांस असें वाटे कीं, नद्या भरण्यास पाऊस पुरा पडणार नाहीं. समुद्राचें पाणीच जमिनीखालच्या गुप्त वाटांनीं डोंगरांत चढून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडत असावें. इ. स. १६७४ मध्यें पिएर पेरो ह्या फ्रेंच गृहस्थानें सेन नदीच्या उगमाकडील प्रदेशांत पडणारा पाऊस व नदींतून वाहणारें पाणी यांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. तेव्हां पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारें सहापट भरला! पुढें १६८७ मध्यें, ज्याच्या नांवाचा धूमकेतु प्रसिद्ध आहे त्या हॅलेनें, तापविलेल्या मिठाच्या पाण्याचें भांडें तोलून तें किती घटतें हें पाहिलें. त्यावरून भूमध्य समुद्राची वाफ नद्यांनीं आणून घातलेल्या पाण्याहून अधिक होते, असें त्यानें दाखविलें. एकानें पाऊस मोजला, दुसऱ्यानें वाफ मोजली. आणि चक्राचीं दोन टोकें जुळलीं. निव्वळ तर्कापेक्षां मोजमाप किती श्रेष्ठ आहे, हें विद्यार्थ्यांनीं येथें लक्ष्यांत घ्यावें.

आतां पाऊस पडल्यावर पुढें काय होतें तें पाहूं. कांहीं पाणी ओढ्यानाल्यांनीं वाहून जातें, कांहीं वाफ होऊन परत वर जातें आणि कांहीं जमिनींत मुरतें. विहिरीचा संबंध ह्या तिसऱ्या वांट्याशीं आहे. परंतु आपली वसई कशी वसली आहे, तें एकदां नकाशांत पाहा. पश्चिमेस अरबी समुद्र. दक्षिणेस उल्हास नदीचें पाणी वाहून आणणारी वसईची खाडी. उत्तरेस त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांतून येणाऱ्या वैतरणेची खाडी. पूर्वेस तुंगारेश्वराचा काळ्या खडकाचा डोंगर. तीन बाजूंस खारें पाणी, आणि मध्यें समुद्रसपाटीहून थोडीच उंच अशी, किनाऱ्याकडे रेताड होत जाणारी जमीन. असें असून होळी, पापडी, गिरीज, निर्मळ ह्या बाजूंच्या वाड्यांत शेंकडों वर्षें गोड्या पाण्याच्या विहिरींवर केळी, पानवेली, भाजी व फुलें पिकत आलीं. समुद्राच्या इतक्या जवळ गोडें पाणी राहिलें तरी कसें?

त्याचें उत्तर एका अंड्याच्या प्रयोगांत आहे. दोन पेले घ्या. एकांत साधें पाणी व दुसऱ्यांत चारपांच चमचे मीठ विरघळविलेलें पाणी भरा. साध्या पाण्यांत कच्चें ताजें अंडें बुडतें, मिठाच्या पाण्यांत तेंच तरंगतें. कारण खारें पाणी अधिक जड असतें. ज्या टांकींत गोडें पाणी १००० किलो मावतें, तींत समुद्राचें पाणी सुमारें १०२५ किलो मावतें. वसईच्या वाळूखालीं पावसाचें हलकें पाणी समुद्राच्या जड पाण्यावर असेंच तरंगत असतें. ह्या गोड्या पाण्याचा आकार भिंगासारखा असतो, म्हणजे मध्यें जाड व समुद्राकडे आणि खाडीकडे पातळ. वाळूचे कण दोन्ही पाण्यांस एकदम मिसळूं देत नाहींत, म्हणून हा थर टिकून राहतो.

हा थर किती खोल असतो, ह्याचा हिशेब १८८९ मध्यें घायबेन ह्या डच अभियंत्यानें व १९०१ मध्यें हर्झबर्ग ह्या जर्मन अभियंत्यानें स्वतंत्रपणें मांडला. गणित सोपें आहे. ४१ फूट गोड्या पाण्याचें वजन (४१ × १०००) आणि ४० फूट खाऱ्या पाण्याचें वजन (४० × १०२५) हीं सारखींच, म्हणजे ४१००० भरतात. यावरून असें निघतें कीं, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असूं शकतें. निसर्गाचें हें केवढें औदार्य! परंतु हाच हिशेब उलटाहि लागू पडतो. अति उपशानें वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें. खडक लागला किंवा चिकणमाती आली म्हणजे हे आंकडे बदलतात. पण तत्त्व बदलत नाहीं. वरून एक पाऊल मागें घेतलें कीं समुद्र खालून चाळीस पावलें पुढें येतो.

आमच्या वाडवडिलांस हें गणित ठाऊक नव्हतें; पण त्यांची वहिवाट त्यास धरूनच होती. वाडीच्या विहिरीवर राहाट असे. बैल किंवा रेडा संथपणें फिरे, गाडग्यांची माळ खालीं जाऊन भरून वर येई व पन्हळींतून पाणी पाटास लागे. दिवसभर राहाट चालला तरी थोडथोडेंच पाणी निघे आणि विहिरीस पाझरून भरण्यास अवकाश मिळे. दुसरी मोठी सोय बावखलांची. बावखल म्हणजे वाडींत किंवा घराजवळ खणलेलें लहानसें तळें. खणून काढलेली माती जमीन उंच करण्याच्या कामीं येई, आणि त्या खळग्यांत पावसाळ्याचें पाणी सांठे. त्यावर शिंपण होई, गुरें पाणी पीत, उन्हाळ्यांत तळाचा गाळ खत म्हणून वाडीस पडे. परंतु बावखलाचें मुख्य काम कोणाच्या दृष्टीस न पडणारें होतें : तें पावसाचें पाणी अडवून सावकाश भुईंत मुरवीत असे, आणि त्या तरंगत्या गोड्या थरांत दरवर्षीं नवी भर घालीत असे.

पुढें वीजपंप आले. जें पाणी उपसण्यास राहाटास दिवस लागे, तें आतां तासा-दोन तासांत निघूं लागलें. ह्यांत शेतकऱ्यास दोष देतां येत नाहीं. त्याचे कष्ट वांचले. परंतु त्याबरोबरच वस्ती झपाट्यानें वाढली. इ. स. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. नव्या इमारतींस पाणी पाहिजे. म्हणून वाड्यांतील विहिरींचें पाणी टँकर भरभरून जाऊं लागलें. जीं बावखलें पाणी परत भरीत, तीं एकामागून एक मातीनें बुजविलीं गेलीं. एकीकडे उपसा वाढला व दुसरीकडे भरणा थांबला. मग समुद्र पुढें आला, यांत नवल तें काय?

दुसऱ्यांचे दोष सांगण्यापूर्वीं आम्ही आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. होळीनजीक आमच्या वडिलार्जित वाडींत एक बावखल होतें. त्याच्या कांठीं बसून आम्ही लहानपणीं बेडकांचीं पिलें पकडीत असूं. आम्ही कॉलेजांत शिकत असतां घरास दोन खोल्या वाढविण्याचें ठरलें आणि बावखलांत भराव पडला. आमची आजी तेवढी म्हणाली, "विहिरीस विचारलें कां?" आम्ही शिकलेले, आम्ही हंसलों. सातआठ वर्षांनीं एका चैत्रांत चहा नासला. दुधास बोल लावला. पण दोष पाण्याचा होता. त्यापुढें दर उन्हाळ्यांत विहीर मचूळ होऊं लागली. आधीं पानवेल गेली, मग केळी. नारळ तेवढे तग धरून आहेत. जलचक्राचा धडा आम्हीं त्याच वर्षांत वर्गांतून मुलांस शिकविला असेल. परंतु ज्या खळग्यांत आम्हीं माती टाकली, तो त्याच चक्राचा एक सांधा होता, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आजीचा प्रश्न आतां आम्हांस दरवर्षीं आठवतो.

हा धोका सर्वांच्याच नजरेआड होता असें मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारपणाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें वसईची हिरवळ व पाणी राखण्यासाठीं लोकांस जागें केलें. आज आपल्या शहरास सूर्या नदीवरील धामणी धरणाचें, तसेंच उसगांव व पेल्हार येथील धरणांचें पाणी मिळतें, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावें. पण नळाचें पाणी घरांत आलें म्हणजे विहिरीचें ऋण फिटलें असें नव्हे. नळ तहान भागवील; वाडीखालचा गोडा थर कांहीं तो भरणार नाहीं. शिवाय मुरण्याची जागा गेली कीं तेंच पाणी घरांत शिरतें. इ. स. २०१८ च्या जुलैंत वसई व नालासोपारा पाण्याखालीं गेलीं आणि आगगाड्या बंद पडल्या, हें पालकांस आठवत असेल. जुलैंत जें पाणी आपण नको नको म्हणतों, त्याच्याचसाठीं मे महिन्यांत रांगा लावतों.

मग उपाय काय? तो पावसाइतकाच जवळचा आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं पुढील हिशेब करून पाहावा. घराचें छप्पर ५० चौरस मीटर व वर्षाचा पाऊस २००० मिलिमीटर धरल्यास छपरावर १,००,००० लिटर पाणी पडतें. पांच माणसांच्या कुटुंबास दररोज माणशीं १३५ लिटर धरल्यास ६७५ लिटर लागतात. म्हणजे एका साध्या छपराचें पाणी त्या घरास जवळजवळ पांच महिने पुरेल एवढें आहे! तें सर्वच सांठवितां येणार नाहीं, कांहीं वायांहि जाईल. पण पन्हळ बसवून, वाळू व खडी यांच्या खड्ड्यांतून गाळून विहिरींत सोडतां तर येईल. तसेंच एक बावखल २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व ३ मीटर खोल असलें, तर तें एकदां भरलें असतां ९,००,००० लिटर पाणी धरतें. आणि पावसाळाभर तें मुरत व पुन्हां भरत राहतें, तें निराळेंच. असें बावखल बुजवून जागा किती मिळाली हें आपण मोजतों. पाणी किती गेलें हेंहि मोजावयास पाहिजे.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं विहीर आहे, त्यांनीं एका दोरीस हातहात अंतरावर गांठी माराव्या व टोंकास दगड बांधावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घरच्या मोठ्या माणसास बरोबर घेऊन विहिरीच्या कांठापासून पाणी किती गांठी खालीं आहे तें पाहावें आणि वहींत लिहून ठेवावें. पाणी गोड लागलें कीं मचूळ, हेंहि घरांत विचारून शेजारीं लिहावें. पेरो व हॅले यांनीं याहून निराळें कांहीं केलें नव्हतें; त्यांनींहि पाणी मोजलें व लिहून ठेवलें. बारा महिन्यांनीं ती वही आम्हांस आणून दाखवावी. पुढील वर्षीं ह्याच पानांवर त्या आंकड्यांचा गोषवारा देण्याचा आमचा मानस आहे.

पालकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. ज्यांच्या वाडींत अजून बावखल आहे त्यांनीं तें राखावें. ज्यांनीं बुजविलें, त्यांनीं आमच्यासारखा निदान एक खड्डा तरी परत खणावा. गेल्या मृगापूर्वीं आम्हीं छपराचें पाणी विहिरीकडे वळविलें. यंदाच्या चैत्रांत पाणी पूर्वींसारखें गोड झालें असें म्हणवत नाहीं. समुद्र एका वर्षांत मागें हटत नसतो. परंतु चहा नासला नाहीं, एवढें खरें. शेवटच्या बांकावरील त्या मुलीस आम्हीं हें सांगितलें, तेव्हां तिनें विचारलें, "सर, मग आमच्या विहिरीचेंहि होईल कां?" होईल, असें आम्हीं तिला सांगितलें, मात्र विहिरीस दरसाल जेवढें पाणी मागावयाचें, तेवढें पावसाळ्यांत तिला परत करण्याची संवय आपण सर्वांनीं लावून घेतली पाहिजे.